कुर्ल्याच्या शाळांतून नोबेलपर्यंत

अभिजित बॅनर्जी यांना २०१९ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, तेव्हा आपल्याकडे चर्चा रंगली ती त्यांच्या मराठी आजोळाची. आई निर्मला बॅनर्जी माहेरच्या पाटणकर आणि स्वतः अर्थतज्ज्ञ. अभिजित यांचा जन्मही मुंबईतलाच, १९६१ चा. कौतुक रास्तच होतं. पण त्यांच्या संशोधनाची नाळ मुंबईच्या उपनगरांतल्या महापालिका शाळांशी जुळलेली आहे, याची आठवण फारशी निघत नाही.

थिओडोर शुल्ट्झ यांनी १९६० मध्ये मानवी भांडवलाचा विचार ठामपणे मांडला: माणसाच्या शिक्षणावर आणि आरोग्यावर केलेला खर्च ही गुंतवणूकच असते. पुढे बराच काळ ही गुंतवणूक मोजली गेली ती शाळेत काढलेल्या वर्षांनी. पटावर नाव आहे म्हणजे मूल शिकतंय, असं धरून चाललं. गरीब देशांत नेमकं इथेच पाणी मुरत होतं. माधव चव्हाण आणि फरीदा लांबे यांनी मुंबईत उभ्या केलेल्या ‘प्रथम’ संस्थेला दिसलं, की महापालिका शाळांतल्या तिसरी-चौथीच्या चारांपैकी एका मुलाला अक्षरओळखही नाही.

त्यावर ‘प्रथम’ने काढलेला उपाय म्हणजे बालसखी. वस्तीतलीच, माध्यमिक शाळा पार केलेली तरुणी. दोन आठवड्यांचं प्रशिक्षण आणि महिना ५०० ते ७५० रुपये मानधन. मागे पडलेली पंधरा-वीस मुलं रोज दोन तास वर्गाबाहेर घेऊन बसायचं, जागा मिळेल तिथे. इयत्तेचं पुस्तक बाजूला ठेवायचं आणि मूल जिथे अडलंय तिथून सुरुवात करायची. अक्षर येत नसेल तर अक्षरापासून, अंक ओळखता येत नसेल तर अंकापासून.

बॅनर्जी, एस्थर डुफ्लो, शॉन कोल आणि ली लिंडन यांनी २००१ ते २००३ या काळात हे काम वडोदऱ्यात आणि मुंबईच्या एल विभागात, म्हणजे घाटकोपरला लागून असलेल्या कुर्ल्याच्या पट्ट्यात, तपासलं. कुठल्या शाळेत कुठल्या इयत्तेला बालसखी द्यायची हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलं. त्यामुळे फरक पडला तर तो बालसखीमुळेच, हे छातीठोकपणे सांगता येणार होतं. पहिल्या वर्षी गुण सरासरी ०.१४ प्रमाण विचलनाने (गुणांमधला फैलाव मोजण्याचं एकक) वाढले, दुसऱ्या वर्षी ०.२८ ने. वाढ मुख्यतः तळाच्या मुलांची होती. मला सर्वांत मोलाचा वाटतो तो पुढचा निष्कर्ष: ही मुलं बाहेर गेल्यावर मूळ वर्गातली गर्दी कमी झाली, पण तिथे उरलेल्या मुलांना त्याचा फायदा दिसला नाही. म्हणजे नुसता पट कमी करून भागत नाही, मुलाच्या पायरीवरून शिकवावं लागतं. कार्यक्रम थांबल्यावर वर्षभरात लाभ बराच ओसरला, हेही त्यांनी शोधनिबंधात प्रामाणिकपणे नोंदवलं. तो २००७ मध्ये प्रसिद्ध झाला.

पुढची वाट लांबची. जौनपूर, बिहार, उत्तराखंड, हरियाणा असे एकामागून एक प्रयोग झाले. काही ठिकाणी सरकारी शिक्षकांच्या हाती नुसतं साहित्य देऊन काही साधलं नाही. त्यासाठी राखीव वेळ आणि देखरेख लागली. हीच पद्धत नंतर झांबियापर्यंत पोहोचली. अशा पूरक अभ्यासवर्गांचा लाभ भारतातल्या ५० लाखांहून अधिक मुलांना झाल्याचं नोबेल समितीने नमूद केलं. बॅनर्जी, डुफ्लो आणि त्यांच्यासोबत नोबेल मिळालेले मायकेल क्रेमर यांची नावं जगभर गेली. कुर्ल्याच्या त्या बालसख्यांची नावं कुठेच नाहीत. माझ्या मते या यशात त्यांचा वाटा कुणाहून कमी नाही.

२००५ पासून ‘प्रथम’चाच ‘असर’ अहवाल देशातल्या मुलांचं वाचन-गणित तपासतो. २०२४ च्या अहवालात सरकारी शाळांतल्या तिसरीच्या फक्त २३.४ टक्के मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता आला. पण ही पाहणी ग्रामीण भागाची आहे. कुर्ला, घाटकोपर, मुलुंडची मुलं तिच्या मोजणीत येतच नाहीत. मुंबई महापालिकेने आपल्या शाळांतली अशी तपासणी दरवर्षी विभागवार करावी आणि तिचे आकडे पालकांसमोर उघडपणे ठेवावेत.