दुसरीनंतरचे गणित : घरी शिकणाऱ्या मुलांसाठी पुढचे पुस्तक कोणते?

जयपूर शहराच्या वायव्येला असलेला झोटवाडा हा परिसर प्रामुख्याने औद्योगिक वसाहतीसाठी ओळखला जातो. नोकरी किंवा व्यवसायानिमित्त महाराष्ट्राबाहेर स्थिरावलेल्या मराठी कुटुंबांपुढे अशा ठिकाणी मुलांच्या शिक्षणाच्या माध्यमाचा प्रश्न नेहमीच उभा राहतो. मुलांना शाळेत न पाठवता घरीच शिकवण्याचा, म्हणजे गृहशिक्षणाचा, मार्ग ज्यांनी पत्करला आहे, त्यांच्या बाबतीत हा प्रश्न एका ठरावीक टप्प्यावर अधिक टोकदार होतो. पहिली आणि दुसरीचे गणित संपते, हाती असलेले प्रारंभिक पुस्तक पुरे होते आणि पुढे कोणता अभ्यासक्रम घ्यावा, याचा निर्णय करावा लागतो.

पहिल्या दोन वर्षांत हा निर्णय फारसा अवघड नसतो. मणी, चिंचोके, आगपेटीच्या काड्या आणि थोडासा धीर एवढ्या सामग्रीवर वीसपर्यंतची बेरीज-वजाबाकी आणि शंभरपर्यंतची मोजणी साध्य होते. तिसरीपासून मात्र विषयाचे स्वरूप बदलते. तीन अंकी संख्या येतात, हातच्याची वजाबाकी येते, गुणाकार आणि भागाकार येतात आणि अपूर्णांकाची ओळख होते. या सर्वांचा आधार स्थानिक किंमत हा एकच आहे. ५२ मधून २७ वजा करताना पाच दशकांपैकी एक दशक सुटा करून त्याचे दहा एकक करावे लागतात, हे ज्या मुलाला उमगले नाही, ते मूल दोनातून सात जात नाहीत म्हणून सातातून दोन वजा करते आणि उत्तर ३५ लिहून मोकळे होते. अशी चूक एकदा सवयीची झाली की ती दूर करण्यास नव्या पुस्तकाचे शंभर पाठही अपुरे पडतात.

ही अडचण केवळ घरी शिकणाऱ्या मुलांची आहे, असे मात्र नाही. 'प्रथम' या संस्थेच्या पुढाकाराने होणाऱ्या 'असर' पाहणीच्या २०२४ च्या अहवालानुसार, ग्रामीण भागातील तिसरीच्या सुमारे एक तृतीयांश मुलांनाच दोन अंकी हातच्याची वजाबाकी करता आली. पाचवीत तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागू शकणाऱ्या मुलांचे प्रमाण ३१ टक्क्यांच्या आसपास होते. त्यामुळे शाळेत नाव घातले म्हणजे गणिताची काळजी मिटली, असेही म्हणता येत नाही.

कायद्याच्या दृष्टीने पाहिल्यास, १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या हक्क कायद्यात गृहशिक्षणाचा स्वतंत्र उल्लेख नाही. पाल्याला शाळेत दाखल करणे हे कलम १० नुसार पालकांचे कर्तव्य आहे. तथापि ते न पाळणाऱ्या पालकांसाठी कायद्यात शिक्षेची तरतूद नाही. अभ्यासक्रम निवडताना कलम ४ अधिक महत्त्वाचे ठरते. शाळेत न गेलेल्या मुलाला त्याच्या वयाला साजेशा वर्गात प्रवेश मिळण्याचा आणि इतरांच्या बरोबरीने येण्यासाठी विशेष प्रशिक्षण मिळण्याचा अधिकार या कलमाने दिला आहे. बदली, आजारपण किंवा आर्थिक ओढाताण यांमुळे गृहशिक्षण मध्येच थांबवावे लागले, तर दहा वर्षांचे मूल थेट पाचवीत जाऊन बसेल. तेव्हा आज निवडलेले पुस्तक या मुलाला त्या वर्गातील फळ्यावरचे गणित समजू देईल काय, हा विचार आधीच करणे इष्ट ठरते.

संख्यानामांचा गुंता

झोटवाड्यातील मराठी घराच्या बाबतीत या विचाराला भाषेचा एक पदर आहे आणि बहुतेक पालक तो सर्वांत शेवटी लक्षात घेतात. घरात मूल मराठीत मोजते. अंगणात, दुकानात आणि उद्या शाळेत त्याला हिंदीत मोजावे लागते. दोन्ही भाषा भगिनी असल्या तरी संख्यांची नावे फसवी आहेत. मराठीतील त्रेचाळीस हिंदीत तैंतालीस होतात, पंचावन्नचे पचपन होतात आणि नव्व्याण्णवचे निन्यानवे. एकोणनव्वद हा शब्द नव्वदला एक कमी असे सांगतो, तर हिंदीतील नवासी ऐंशीवर नऊ असे सांगतो. नवासी ऐकल्यावर मराठी मुलाच्या मनात नव्वदीच्या घरातील संख्या उभी राहिली, तर दोष त्याचा म्हणता येणार नाही.

दोन्ही भाषांमध्ये एकक आधी उच्चारला जातो आणि दशक नंतर. लिहिताना मात्र क्रम उलटा होतो. त्रेसष्ट ऐकून ३६ लिहिणारी मुले प्रत्येक मराठी शिक्षकाने पाहिलेली आहेत. या अडचणीवर उपाय म्हणून २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस एक', 'वीस दोन' अशा पद्धतीने संख्या वाचण्याचा पर्याय देण्यात आला होता. त्यावर राज्यभर वाद झाला, विधिमंडळातही त्याचे पडसाद उमटले. गणित समितीच्या तत्कालीन अध्यक्षा, दिवंगत गणितज्ञ मंगला नारळीकर यांनी या बदलामागील भूमिका मांडली होती. जुनी नावे काढून टाकलेली नसून नवी पद्धत जोडीने दिली असल्याचे तेव्हा स्पष्ट करण्यात आले होते. दक्षिणेकडील भाषांमध्ये आणि इंग्रजीत संख्या याच क्रमाने वाचल्या जातात. टीकेची धार बाजूला ठेवून पाहिल्यास, दोन भाषांच्या सीमेवर वाढणाऱ्या मुलाला 'साठ आणि तीन' ही पायरी फार उपयोगी पडते. तिच्यावर उभे राहून त्रेसष्ट आणि तिरसठ दोन्ही शिकता येतात.

परिभाषेचेही तसेच आहे. मराठीतील हातचा हिंदीत हासिल होतो, दशकाला दहाई आणि शतकाला सैकड़ा म्हणतात. अपूर्णांकाला हिंदीत भिन्न हा शब्द आहे, ज्याचा मराठी कानाला अर्थ वेगळाच लागतो. छेदाला तेथे हर म्हणतात. याशिवाय बालभारतीच्या मराठी माध्यमाच्या प्राथमिक पुस्तकांत देवनागरी अंक असतात, तर एनसीईआरटीच्या हिंदी पुस्तकांत आंतरराष्ट्रीय अंक. देवनागरी ४ हा आंतरराष्ट्रीय आठासारखा दिसतो आणि १ नवासारखा. एकाच महिन्यात दोन्ही पुस्तके समोर ठेवल्यास गोंधळ ठरलेलाच.

दुसऱ्या बाजूला, पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच हे शब्द मराठी घरात स्वयंपाकघरापासून बाजारापर्यंत रोज वापरले जातात आणि हिंदीतही त्यांची भावंडे आहेत. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी हे पाढे आता फारसे कोणी पाठ करत नाही. परंतु अपूर्णांक शिकवताना पाव किलो आणि पाऊण तास यांच्याइतके चांगले साधन कोणत्याही छापील पुस्तकात सापडणार नाही. जयपूर शहराला भाषांतरित गणिताची परंपराही आहे. १८ व्या शतकात सवाई जयसिंह यांच्या पदरी असलेल्या जगन्नाथ सम्राट यांनी युक्लिडची भूमिती अरबीवरून संस्कृतात आणली होती आणि तिला 'रेखागणित' हे नाव दिले होते.

पुस्तकांचे पर्याय

उपलब्ध पर्यायांपैकी एनसीईआरटीची नवी मालिका झोटवाड्यातील पालकांना सर्वांत जवळची आहे. पायाभूत स्तरासाठीचा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा ऑक्टोबर २०२२ मध्ये जाहीर झाल्यानंतर २०२३ मध्ये पहिली आणि दुसरीसाठी 'आनंदमय गणित' हे पुस्तक आले. त्यानंतर तिसरीसाठी २०२४ मध्ये आणि चौथी-पाचवीसाठी २०२५ मध्ये 'गणित मेला' प्रसिद्ध झाले. सहावीपासून 'गणित प्रकाश' सुरू होते. म्हणजे दुसरीनंतर याच मालिकेत राहिल्यास मध्येच वाट बदलावी लागत नाही आणि शाळेत परतण्याचा मार्गही सोपा होतो. ही पुस्तके एनसीईआरटीच्या संकेतस्थळावर विनामूल्य उपलब्ध आहेत. त्यांची एक उणीव मात्र सांगितली पाहिजे. पाठ चित्रांनी आणि संवादांनी भरलेले असतात, तिसरीचा शेवटचा पाठ तर सूरजकुंडच्या जत्रेत घडतो. परंतु सरावाची उदाहरणे कमी आहेत. वर्गात ही पोकळी शिक्षक भरून काढतात, घरी ते काम पालकांनाच करावे लागते.

१९६७ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या बालभारतीची पुस्तकेही संकेतस्थळावरून विनामूल्य मिळतात. मांडणी सरळ आहे, उदाहरणे क्रमाने कठीण होत जातात आणि ज्या भाषेत आई-वडील स्वतः गणित शिकले, त्याच भाषेत ती समजावता येतात. लवकरच महाराष्ट्रात परतण्याची शक्यता असलेल्या कुटुंबांनी बालभारतीला प्रथम पसंती द्यावी, हे उघड आहे. राजस्थानातच राहणार असलेल्यांनी तिचा उपयोग सरावाच्या वहीसारखा करावा आणि मुख्य धागा एनसीईआरटीचा ठेवावा, हे अधिक व्यवहार्य दिसते.

परदेशी अभ्यासक्रमांमध्ये सिंगापूरच्या पद्धतीचे नाव सर्वाधिक घेतले जाते. १९८० च्या दशकात तेथील शासनाच्या अभ्यासक्रम विकास संस्थेने तयार केलेल्या या पुस्तकांत आधी वस्तू, मग चित्र आणि मग चिन्ह असा क्रम आहे. त्याचे मूळ अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जेरोम ब्रुनर यांच्या विचारात सापडते. पट्ट्या काढून शाब्दिक उदाहरणे सोडवणे हे या पद्धतीचे वैशिष्ट्य होय. उदाहरणार्थ, रमाकडे सायलीपेक्षा १४ मणी जास्त आहेत आणि दोघींकडे मिळून ५० आहेत. मूल सहसा पन्नासाचे दोन भाग करते आणि तेथेच अडकते. सायलीची एक पट्टी आणि त्याखाली रमाची तेवढीच पट्टी अधिक १४ चा तुकडा असे चित्र काढले, की जादाचा तुकडा आधी बाजूला काढावा लागेल हे डोळ्यांना दिसते. उरतात ३६, म्हणून सायलीकडे १८ आणि रमाकडे ३२.

ही युक्ती शिकण्यासाठी संपूर्ण संच मागवण्याची गरज नाही. कागद आणि पट्टी पुरेशी आहे आणि ती बालभारतीच्या उदाहरणांनाही तितकीच लागू पडते. आयात केलेले संच महाग असतातच. शिवाय त्यांच्या अमेरिकी आवृत्त्यांत डॉलर, फूट आणि गॅलन असतात, तर मोठ्या संख्या दशलक्षात मोजल्या जातात. लाख आणि कोटी शिकण्याच्या वयात त्यामुळे दुहेरी काम होते. जपानमधील शिक्षक तोरू कुमोन यांनी १९५४ मध्ये आपल्या मुलासाठी सुरू केलेली रोजच्या सरावपत्रिकांची पद्धत आकडेमोडीचा वेग वाढवते. परंतु तो पूर्ण अभ्यासक्रम नव्हे, मोजमाप आणि आकृत्या अन्यत्र शिकवाव्याच लागतात. ॲबॅकसच्या वर्गांबाबतही हेच म्हणता येईल.

पुस्तक ठरवण्यापूर्वी मूल प्रत्यक्षात कोठे आहे, हे तपासणे गरजेचे आहे. त्यासाठी कोणत्याही महागड्या चाचणीची आवश्यकता नाही. शंभरपर्यंतच्या दहा संख्या न क्रमाने विचारून लिहून घ्याव्यात; हातच्याच्या दोन वजाबाक्या द्याव्यात आणि उत्तराऐवजी कृती तोंडी विचारावी; चोवीस चिंचोके सहा जणांत वाटायला सांगावेत. संख्या उलट लिहिल्या जात असतील, तर तिसरीचे पुस्तक महिनाभर बाजूला ठेवून दहा-दहाच्या गटांत रंग बदलणारी शंभर मण्यांची माळ करावी. दिल्लीतील 'जोडो ग्यान' या संस्थेने 'गणितमाला' या नावाने ती प्रचारात आणली आहे. घरी ओवली तरी तेच काम होते. वजाबाकी येते पण कारण सांगता येत नाही, अशी स्थिती असेल तर पुस्तक पुढचे घ्यावे आणि पहिले दोन आठवडे दशकाच्या जुड्या सोडण्यात घालवावेत.

प्रमाणपत्राचा विषय पालकांच्या मनात असतोच. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेच्या मुक्त मूलभूत शिक्षण कार्यक्रमात अ, ब आणि क हे स्तर अनुक्रमे तिसरी, पाचवी आणि आठवीशी समकक्ष आहेत. महाराष्ट्रातील पालकांसाठी राज्याच्या मुक्त विद्यालय मंडळाच्या पाचवी, आठवी आणि दहावीच्या परीक्षा आहेत. राष्ट्रीय संस्थेच्या दहावीसाठी किमान वय १४ वर्षे असून ती मराठी माध्यमातूनही देता येते. तेथे गणित हा विषय अनिवार्य नाही. ही मुभा अनेकांना दिलासादायक वाटते. मात्र दहावीला गणित सोडल्यास अकरावीला ते घेणे आणि पुढे अभियांत्रिकीकडे वळणे कठीण होते. तसा निर्णय घेण्यास आठ वर्षांच्या मुलापाशी अजून सहा वर्षे आहेत. तूर्त झोटवाड्यातील घरात करता येण्याजोगे काम म्हणजे 'गणित मेला'ची प्रत उतरवून घेणे आणि भिंतीवर दोन रकान्यांचा एक तक्ता लावणे : एका बाजूला हातचा, छेद, एकोणनव्वद, दुसऱ्या बाजूला हासिल, हर, नवासी.