काचेतील व्यंजना : एमिल गाले यांची कला

बंगळूरच्या लालबागेतील काचघराची पायाभरणी १८८९ सालची. तेथील पुष्पप्रदर्शनात काच फुलांवर छत्र धरते. प्रेक्षकाची दृष्टी तिच्यावर ठरत नाही. त्याच वर्षी पॅरिसच्या विश्वप्रदर्शनात मात्र फूल म्हणून काचच पाहावयास मिळाली आणि ती घडविणाऱ्या एमिल गाले (१८४६–१९०४) यांना काचकामाचा सर्वोच्च पुरस्कार लाभला.

गाले हे फ्रान्समधील नान्सी या नगरीचे. वनस्पतिशास्त्राचा त्यांचा व्यासंग मोठा होता. लोरेन प्रांतातील ऑर्किडांवर त्यांनी शास्त्रीय लेखनही केले. अशा अभ्यासकाने वनस्पतीची हुबेहूब नक्कल टाळावी, ही गोष्ट विचारात घेण्याजोगी आहे. त्याच काळात लेओपोल्ट व रुडोल्फ ब्लाश्का हे पितापुत्र हार्वर्ड विद्यापीठासाठी काचेची फुले घडवीत होते. ती इतकी तंतोतंत आहेत की, पाहताना काचेचाच विसर पडतो. गाले तो पडू देत नाहीत. भिन्न रंगांच्या काचेचे थर एकावर एक चढवावयाचे आणि वरचा थर आम्लाने वा चाकाने कोरून त्यातून पान उमटवावयाचे, ही त्यांची एक रीत. काचेतले बुडबुडे, बारीक तडे, धूसरपणा हे एरवी कारागिराच्या लेखी दोष. गाले यांच्या पात्रांत त्यांचेच धुके आणि पाणी होते. आपल्या काव्यशास्त्राच्या परिभाषेत सांगावयाचे तर ब्लाश्का यांची फुले वाच्यार्थ देतात, गाले यांची व्यंजनेने बोलतात.

या व्यंजनेमागे इतिहासही आहे. १८७१ मध्ये लोरेनचा काही भाग जर्मनीकडे गेला आणि नान्सी सीमेवर आले. आपल्याकडील उंटकटारीची आठवण करून देणारे एक काटेरी झुडूप हे त्या नगरीचे मानचिन्ह. गाले यांच्या पात्रावर ते उमटते तेव्हा काय सुचविले जाते, हे सीमाभागातील वाचकास वेगळे सांगावयास नको. काही पात्रांवर त्यांनी बोदलेर, व्हर्लेन यांच्या ओळीही कोरल्या. मला मात्र अक्षरविरहित पात्रेच अधिक बोलकी वाटतात.

निधनाच्या वर्षी घडविलेला त्यांचा काचेचा हात पॅरिसच्या ओर्से संग्रहालयात आहे. समुद्रातले शेवाळ व शिंपले त्याला बिलगलेले आहेत. तो पाण्यातून वर येत आहे की खाली जात आहे? दोन्ही अर्थ संभवतात. प्रस्तुत लेखकास तो बुडणारा वाटतो, कारण शेवाळाची पकड फार घट्ट आहे.