लाल औषध

औषधालाही रंग असतो हे मला आपाच्या आजारपणात नीट कळलं. आपा म्हणजे माझी थोरली बहीण. स्तनाच्या कर्करोगासाठी तिला डॉक्सोरुबिसिन शिरेतून देत होते. रंग लालभडक. अ‍ॅड्रियामायसिन हे त्याचं दुसरं नाव एड्रियाटिक समुद्रावरून पडलं. इटलीत त्या बाजूच्या मातीत सापडलेल्या जीवाणूपासून हे औषध निघालं. समुद्राचं नाव ऐकून माझ्यातला कवी उगाच सुखावला. आपा मात्र त्याच संध्याकाळी न्हाणीघरातून पांढरीफटक होऊन बाहेर आली. लघवी लाल झाली होती. तिला वाटलं, रक्तच. तो औषधाचा रंग होता, एक-दोन दिवसांत जातो. हे कुणी आधी सांगितलं असतं तर तिची एक रात्र वाचली असती.

मळमळीवर आता चांगली औषधं आहेत, ती वेळेवर घ्यावीत. तोंड आलं तर मऊ, बिनतिखट खावं. केस दोन-तीन आठवड्यांनी गळू लागतात, उपचार संपल्यावर परत येतात. ‘‘डोक्यावर पदर असतोच की माझ्या, कोण बघतंय?’’ असं आपा म्हणायची. उशीवर झुपका दिसला त्या सकाळी मात्र ती काही बोलली नाही.

औषध चालू असताना सुईपाशी आग झाली, दुखलं, सूज आली, तर लगेच नर्सला सांगावं. हे औषध शिरेबाहेर झिरपलं तर मांस जळतं. आपल्याकडच्या बायकांना सोसायची फार सवय. इथे ती कामाची नाही.

आता तापाचं. औषधानंतर साधारण दहाव्या ते चौदाव्या दिवशी रक्तातल्या पांढऱ्या पेशी सर्वांत कमी होतात. तेव्हा 100.4 फॅरनहाइट म्हणजे 38 सेल्सिअस ताप आला, तर रात्री दोन वाजले असले तरी दवाखान्याला फोन करायचा. विचारल्याशिवाय तापाची गोळी घ्यायची नाही, कारण ताप दबतो, संसर्ग तसाच राहतो. आपाने बाराव्या रात्री नेमकी गोळी घेतली. ‘‘सकाळी बघू, त्यांची झोप कशाला मोडायची?’’ फजरच्या वेळी तिला उभंही राहता येईना. पाच दिवस शिरेतून प्रतिजैविकं चालली, तेव्हा ती वाचली.

पुढे रमजान आला. तिला रोजे धरायचे होते. डॉक्टर म्हणाले, पाणी भरपूर प्या. आजारी माणसाला रोजे नंतर पुरे करायची मुभा धर्मानेच दिली आहे, हे तिला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक. तरी चार दिवस रुसली होती.

राहिलं हृदय. हे औषध हृदयाचा स्नायू कमजोर करू शकतं, कधी कधी काही वर्षांनीही. म्हणून आधी इको काढतात आणि आयुष्यभराच्या एकूण मात्रेचा हिशेब ठेवतात. शरीराच्या दर चौरस मीटरला साधारण 450 ते 550 मिलिग्रॅम ही तिची मर्यादा मानतात. धाप लागली, घोटे सुजले, तर वय झालं म्हणून सोडून देऊ नये. कोणत्याही नव्या डॉक्टरला हे औषध घेतल्याचं सांगावं. आपाची फाइल तिच्या कपाटात, साड्यांच्या खाली असते. पहिल्या पानावर मी औषधाचं नाव आणि एकूण मात्रा मोठ्या अक्षरांत लिहून ठेवली आहे, लाल शाईने.