पिवळ्या पक्ष्याचा प्रश्न

१० नोव्हेंबर १९६९ रोजी अमेरिकेच्या सार्वजनिक दूरचित्रवाणीवर ‘सेसमी स्ट्रीट’ हा बालकांचा कार्यक्रम सुरू झाला. गरीब वस्त्यांतील मुले शाळेची पायरी चढण्यापूर्वीच मागे पडतात. त्यांना अक्षरे व अंक यांची ओळख घरबसल्या व्हावी, हा त्यामागील हेतू. कल्पना जोन गँझ कूनी आणि लॉइड मॉरिसेट यांची. मॉरिसेट हे कार्नेगी कॉर्पोरेशन या संस्थेत अधिकारी होते. त्यांची तीन वर्षांची कन्या सकाळी लवकर उठून, कार्यक्रम सुरू होण्याआधीची पडद्यावरील स्थिर आकृतीसुद्धा तन्मयतेने पाहत बसे. जे यंत्र मुलांना इतके खिळवून ठेवते त्याच्याकडून काही शिकवून घेता येईल काय, या विचारातून सुमारे ८० लाख डॉलरचा निधी उभा राहिला. जवळजवळ निम्मा सरकारचा, उरलेला कार्नेगी, फोर्ड आदी संस्थांचा.

एवढी रक्कम हाती असूनही या मंडळींनी आधी चाचणी घेतली, ही गोष्ट हिशेबी मनाला विशेष भावते. टीव्हीशेजारी दुसऱ्या पडद्यावर दर काही सेकंदांनी नवे चित्र दाखवायचे आणि मुलाची नजर नेमकी केव्हा तिकडे वळते, याची नोंद ठेवायची, अशी ही पद्धत. कल्पित आणि वास्तव यांची सरमिसळ मुलांसमोर करू नये, असा मानसशास्त्रज्ञांचा सल्ला असल्याने रस्त्यावरील प्रसंगांत केवळ माणसे होती आणि बाहुल्या वेगळ्या भागात. नोंदींनी दाखवले की माणसे बोलू लागली की मुले कंटाळतात! तेव्हा सल्ला बाजूला ठेवून जिम हेन्सन यांच्याकडून रस्त्यावर वावरणारी पात्रे घडवून घेण्यात आली. त्यांतलाच एक आठ फूट दोन इंच उंचीचा पिवळा पक्षी, बिग बर्ड.

या पोशाखात कॅरोल स्पिनी हे कलावंत जवळपास पन्नास वर्षे वावरले. उजवा हात सतत डोक्यावर उंच धरून पक्ष्याची चोच हलवायची, करंगळीने पापण्या मिटायच्या-उघडायच्या, डावा हात डाव्या पंखात. पक्ष्याचा उजवा पंख मासेमारीच्या दोऱ्याने डाव्याशी जोडलेला. बाहेरचे थेट दिसत नसल्याने छातीवर लहानसा टीव्ही बांधलेला असे. आरंभी हा पक्षी केवळ वेंधळा, हास्यास्पद होता. तो एक लहान मूल असावा, हे स्पिनी यांनी सुचवले आणि तेथून त्याला खरा जीव आला. मुलाला प्रश्न पडतात. वेंधळ्याला फक्त हसता येते.

डिसेंबर १९८२ मध्ये कार्यक्रमातील वृद्ध दुकानदार श्री. हूपर यांची भूमिका करणारे विल ली निवर्तले. दुसरा नट आणावा, की हूपर गाव सोडून गेले असे सांगावे? आपल्याकडेही ‘आजोबा देवाघरी गेले’ म्हणून विषय संपवण्याची रीत आहे. मुलांपुढे झाकली मूठ मोठ्यांनाच सोयीची असते. निर्मात्यांनी तज्ज्ञांशी विचारविनिमय करून सत्य सांगायचे ठरवले. २४ नोव्हेंबर १९८३ रोजी, थँक्सगिव्हिंगच्या सणाला कुटुंबे एकत्र असताना तो भाग दाखवण्यात आला. बिग बर्ड सर्वांची चित्रे काढून वाटतो, हूपर यांचे चित्र हाती उरते, आणि ते परत आल्यावर देईन असे म्हणतो. मोठी माणसे त्याला हळुवारपणे सांगतात की ते आता कधीच परतणार नाहीत. असे का, या त्याच्या प्रश्नाला कोणाकडेही उत्तर नसते, आणि उत्तर असल्याचा आव कोणी आणत नाही. ती चित्रे स्वतः स्पिनी यांनीच काढलेली होती आणि कलावंतांच्या डोळ्यांतील अश्रूही खरे होते.

२००६ मध्ये या कार्यक्रमाचे भारतीय रूप ‘गल्ली गल्ली सिम सिम’ नावाने आले. त्यात चमकी ही शाळकरी मुलगी आणि अंगभर पोशाखातला बूम्बा नावाचा सिंह होता.

बिग बर्डचा एक मित्र होता, स्नफलुपॅगस हा केसाळ, सोंडवाला महाकाय प्राणी. १९७१ पासून तो केवळ बिग बर्डलाच भेटे. मोठी माणसे यायच्या क्षणीच तो निघून जाई आणि ती बिग बर्डवर विश्वास ठेवत नसत. विनोद छान होता, चौदा वर्षे चालला. परंतु त्या सुमारास अमेरिकेत बालकांवरील अत्याचारांची प्रकरणे उघड होऊ लागली, आणि निर्मात्यांना शंका आली: मूल खरे बोलत असताना मोठे त्याला खोटे ठरवतात, हे रोज पाहणारे बालक आपल्यावरील अन्याय सांगायला धजावेल काय? नोव्हेंबर १९८५ मध्ये रस्त्यावरील सर्व मोठ्यांना स्नफलुपॅगस प्रत्यक्ष दिसला. त्यांनी बिग बर्डची क्षमा मागितली आणि यापुढे त्याच्या शब्दावर विश्वास ठेवण्याचे वचन दिले.