रालामंडलचं गवत: गैरसमज आणि वस्तुस्थिती

रविवारी इंदूरकर शहराजवळच्या रालामंडलला जातात, टेकडीवरची होळकरांची शिकारकोठी बघतात, हरणांचे फोटो काढतात आणि परततात. त्यामुळे हे हरणांचं उद्यान आहे, असं बऱ्याच जणांना वाटतं. पण १९८९ पासून हे अधिसूचित अभयारण्य आहे. क्षेत्रफळ जेमतेम २३४.५५ हेक्टर असलं, तरी १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा इथेही पुरता लागू आहे.

जंगलात पडलेलं शिंग दिसलं की शिकारीची शंका येते. पण चितळाची शिंगं दर वर्षी गळतात आणि मखमली कातडीखाली नवी फुटतात. काळविटाची पीळदार शिंगं मात्र कायमची. गळालेलं शिंग सापडलं तरी आठवण म्हणून घरी आणायचं नाही, ते वनखात्याचं.

सगळ्यात घातक समज गवताबद्दल आहे. ‘नुसतं गवतच तर आहे, झाडं लावा की!’ असं चांगली शिकलेली माणसंही म्हणतात. माळव्याचा माळ उन्हाळ्यात वाळून पिवळा पडतो, पण मुळं जिवंत असतात आणि पहिल्या पावसात कोंब फुटतात. काळवीट मोकळ्या रानात लांबून धोका हेरतो आणि वेगाच्या जोरावर निसटतो. तिथे दाट झाडं लावली, तर त्याचं घरच जातं. गवत पेटवलं की नवं जोमानं येतं, हे अर्धसत्य आहे. आगीत जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांची अंडी आणि सरडे होरपळतात, हे कुणी मोजत नाही.

गवताचं मोल कळायला रतलाम जिल्ह्यातल्या सैलान्याला जावं. पक्षितज्ज्ञ सलीम अली यांच्या शिफारशीवरून १९८३ मध्ये तिथलं कुरण खरमोरासाठी राखलं गेलं. खरमोर म्हणजे आपला तणमोर. पावसाळ्यात नर उंच गवतातून सरळ वर उडी घेतो, पंख फडफडवतो आणि पुन्हा गवतात दिसेनासा होतो. दिवसात अशा शेकडो उड्या. मादी त्याच गवतात जमिनीवर अंडी घालते. २०२१ पासून संकटग्रस्त प्रजातींच्या आंतरराष्ट्रीय (आययूसीएन) लाल यादीत हा पक्षी ‘अतिसंकटग्रस्त’ आहे. आणि तो कुंपणाआतच राहतो, हाही गैरसमजच: शेजारच्या शेतांतही तो उतरतो. म्हणून खरमोराची खबर देणाऱ्या शेतकऱ्यांना मध्य प्रदेशच्या वनखात्यानं बक्षिसं दिली आहेत.