बारा व्होल्टची बॅटरी आणि पाच व्होल्टचं काम

मागच्या भागात आपण मल्टिमीटर वापरायला शिकलो. आज त्याला खऱ्या कामाला लावायचं आहे.

आधी माझ्या घरातली गोष्ट सांगतो. सिग्नल्समधून निवृत्त झाल्यावर मी महूलाच घर केलं. आई आमच्याजवळ असते, नव्वदीला टेकली आहे. तिच्या उशाशी मी एक बटण बसवलं होतं. ते दाबलं की आमच्या खोलीत बझर वाजायचा. शिवाय तिच्यासाठी रात्रभर जळणारी एलईडीची छोटी पट्टी होती. सगळं पाच व्होल्टवर, मोबाइलच्या चार्जरने चालणारं. जूनमधल्या एका वादळी रात्री वीज गेली. सकाळी उठून पाहतो तर आई पलंगाच्या कडेला बसलेली आणि तांब्या रिकामा. म्हणाली, "दाबलं रे दोनदा. म्हटलं, तुम्हाला गाढ झोप लागली असेल." आयुष्यभर दुसऱ्यांचा संपर्क तुटू नये म्हणून राबलेल्या माणसाच्या घरात हे झालं होतं.

मग मी यूपीएसमध्ये असते तशी १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासांची सीलबंद बॅटरी आणली आणि तिला कायमचा फ्लोट चार्जर जोडला. तुम्ही विचाराल, घरचा इन्व्हर्टर का नको? १२ चे २३० करायचे आणि चार्जरने परत ५ करायचे, यात दोन्हीकडे वीज वाया जाते. इन्व्हर्टर नुसता चालू राहायलाही वीज खातो. म्हणून १२ चे थेट ५ करायचे.

याचा जुना मार्ग म्हणजे ७८०५ ही तीन पायांची आयसी. ती जास्तीचं व्होल्टेज उष्णता करून टाकते. माझा बोर्ड आणि दिवे मिळून अर्धा अँपिअर घेतात, म्हणजे अडीच वॅट. ७८०५ बॅटरीतूनही अर्धाच अँपिअर ओढते, पण १२ व्होल्टवर. म्हणजे सहा वॅट. मधले साडेतीन वॅट नुसते तापण्यात जातात. सायकलचा ब्रेक दाबून धरून पेडल मारण्यासारखंच हे.

दुसरा मार्ग स्टेप-डाउन कन्व्हर्टरचा, यालाच बक कन्व्हर्टर म्हणतात. त्यात एक इलेक्ट्रॉनिक स्विच सतत चालू-बंद होत असतो. एलएम २५९६ या प्रसिद्ध आयसीत हे सेकंदाला सुमारे दीड लाख वेळा होतं. स्विच चालू असताना कॉइलमध्ये ऊर्जा साठते. तो बंद झाला की कॉइल तीच ऊर्जा डायोडच्या वाटेने पुढे देत राहते, आणि कपॅसिटर चढउतार सपाट करतो. पुन्हा सायकलच घ्या: चार पेडल मारायची, पाय थांबवायचे, चाक फिरतच राहतं. १२ चे ५ करायचे तर स्विच साधारण ४२ टक्के वेळ चालू ठेवावा लागतो. ते गणित आयसी स्वतः सांभाळते.

आता हिशेब. कन्व्हर्टरची कार्यक्षमता ८० टक्के धरली, तर अडीच वॅटसाठी बॅटरीतून सव्वातीन वॅटच्या आत काम होतं. म्हणजे साधारण पाव अँपिअर. सीलबंद बॅटरी टिकवायची असेल तर निम्मीच वापरावी, म्हणजे साडेतीन अँपिअर-तास. ७८०५ वर ते सात तासांत संपतात. कन्व्हर्टरवर तेरा तास पुरतात. संध्याकाळी सातला वीज गेली तर पहिला मार्ग रात्री दोनला दगा देतो, दुसरा सकाळपर्यंत पोचवतो.

आता माझी चूक ऐका. काड्यापेटीपेक्षा लहान असा तयार बोर्ड मी आणला, चार टोकं जोडली आणि बटण दाबलं. बारीकसा धूर, जळका वास, बझरचा बोर्ड गेला. बोर्ड पाच व्होल्टवर लावलेला असेल असं मी गृहीत धरलं होतं. तपासलं तर बाहेर अकरा व्होल्टच्या आसपास येत होते. नव्या सेटला वीज जोडण्याआधी मोजलं नाही म्हणून जवानांना रागावणारा मीच होतो!

तर क्रम असा ठेवा. बोर्डवर आत येणारी आणि बाहेर जाणारी अशा दोन जोड्या असतात, त्यांचे प्लस-मायनस नीट वाचा. उलटं जोडलं तर साधा बोर्ड वाचत नाही. बाहेरच्या बाजूला उपकरण न जोडता फक्त मल्टिमीटर लावा. मग निळ्या डबीवरचा पितळी स्क्रू हळूहळू फिरवा. सुरुवातीचे बरेच फेरे आकडा हलणारच नाही, घाबरू नका. मीटरवर ५ दिसले की थांबा आणि स्क्रूवर नेलपॉलिशचा थेंब टाका. आमच्याकडे हे योगदान सौभाग्यवतींचं. उपकरण जोडायचं ते यानंतर, आणि जोडल्यावर पुन्हा एकदा मोजायचं.

आणखी काही मर्यादा. बोर्डवर तीन अँपिअर लिहिलेलं असलं तरी हीटसिंकशिवाय दोनच्या वर जाऊ नका. आत येणारं व्होल्टेज बाहेरच्यापेक्षा किमान दीड-दोन व्होल्टने जास्त हवं, म्हणून १२ च्या बॅटरीवर १२ व्होल्टचा राउटर याने चालणार नाही. २४ व्होल्टच्या ट्रकमध्ये लावणार असाल तर कमाल मर्यादा बघा. इंजिन चालू असताना तिथे २८ च्या वर जातं. एलएम २५९६ चाळीसपर्यंत सोसते, पण त्याहून लहान, एमपी १५८४ वाल्या बोर्डांची मर्यादा २८ च आहे. घरातल्या २३० व्होल्टच्या लाइनला मात्र हा बोर्ड कधीही जोडू नका.

बॅटरीच्या प्लसजवळच एक अँपिअरचा फ्यूज घाला. कन्व्हर्टर छोटा असला तरी बॅटरी छोटी नाही, शॉर्ट झालं तर वायर पेटते. आणि बॅटरी उतरत चालली हे कन्व्हर्टरला कळत नाही, तो शेवटपर्यंत ओढत राहतो. त्यासाठी कमी व्होल्टेजला तोडणारा कटऑफ लावा.

गेल्या पावसाळ्यात एकदा रात्रभर वीज नव्हती. तीनच्या सुमाराला बझर वाजला. धावत गेलो तर आई म्हणाली, "काही नको रे, वाजतंय का ते बघितलं." मी तिला रागावलो नाही. तपासून बघणं हाच तर आजचा धडा आहे.

पुढच्या भागात फ्यूज कसा निवडायचा ते पाहू. तोवर मोजा, मग जोडा. जय हिंद.