एका साडीचे चोवीस रुमाल

चार माणसांच्या कुटुंबात दोन्ही वेळच्या जेवणाला प्रत्येकी एक कागदी नॅपकिन वापरला, तर दिवसाला आठ आणि वर्षाला २,९२० नॅपकिन कचऱ्यात जातात. एका नॅपकिनची किंमत नगण्य, म्हणून हा खर्च नजरेत भरत नाही. किरकोळ खात्यातील गळती वर्षअखेरीसच कळते, हे व्यापारी घराण्यांना वेगळे सांगायला नको.

यावरचा उपाय बहुतेक घरांच्या कपाटातच असतो: नेसण्याजोगी न उरलेली, पण टाकून देववत नाही अशी जुनी सुती साडी. साडेपाच मीटर साडीच्या पन्ह्यात ४५ सेंटिमीटरचे दोन चौकोन बसतात आणि लांबीत बारा. म्हणजे एकूण चोवीस. विरलेला भाग वगळल्यास चार-सहा कमी भरतील. धुऊन धुऊन मऊ झालेले सूत पाणी चटकन शोषते. पॉलिएस्टरची साडी मात्र या कामी निरुपयोगी. दुकानातील नवा सुती तुकडा घ्यायचा असेल, तर तो आधी भिजवून धुवावा. खळ निघते आणि कापड आटायचे तेवढे आटून जाते.

कापडाला इस्त्री करावी. सरळ कापण्यासाठी कडेला लहानशी खाच देऊन एक धागा हलकेच ओढावा व उमटलेल्या रेघेवरून कात्री चालवावी. कोपऱ्यांची टोके किंचित तिरकी छाटावीत, म्हणजे तेथे जाडी येत नाही. प्रत्येक कड एकेक सेंटिमीटर दोनदा दुमडून टीप मारावी. मशीन नसल्यास हाताने शिवावे. तयार रुमाल ४१ सेंटिमीटरचा होतो.

प्रत्येकाच्या रुमालावर वेगळ्या रंगाच्या दोऱ्याचा टाका घालावा. रुमाल स्वच्छ राहिला असेल, तर त्याच व्यक्तीला तो पुढच्या जेवणाला वापरता येतो आणि धुण्याचे पाणी वाचते. हळदीचा डाग तत्काळ धुऊन कडक उन्हात वाळवल्यास फिका पडतो. कपडे मऊ करणारे द्रव्य टाळावे. त्याने कापडाची शोषकता घटते. ओला रुमाल चुरगळून ठेवू नये.

या हिशेबात एक अट आहे. पाहुण्यांसाठी म्हणून जपून ठेवलेले रुमाल म्हणजे अडकून पडलेले भांडवल. साडीला कात्री लावताना मन कचरते, हे खरे. परंतु घडीत जीर्ण होण्यापेक्षा आजीची साडी रोज नातवंडांच्या हाती यावी, यातच तिचे चीज आहे.